पुणे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती : कायदा, निधी आणि मावळचा रस्ता

पुणे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीची स्थापना २००४ मध्ये झाली. मेंदूमृत व्यक्तीच्या नातेवाइकांनी संमती दिल्यावर तिचे मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुफ्फुसे किंवा स्वादुपिंड प्रतीक्षायादीतील कोणत्या रुग्णाला द्यायचे, हे ठरवणे आणि ते अवयव वेळेत पोहोचतील अशी जुळवाजुळव करणे, हे या समितीचे काम. रुग्णालयांत तिला सर्रास ‘झेडटीसीसी’ म्हणतात. पुण्याबरोबर सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर हे जिल्हे आणि नगर-नाशिककडचा भाग तिच्या कार्यक्षेत्रात येतो. पश्चिमेला ही हद्द लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यापाशी संपते. बोरघाट उतरून खोपोलीत पोहोचले की रायगड जिल्हा लागतो, आणि तो मुंबईच्या समितीकडे आहे. मावळ तालुका असा दोन विभागांच्या सीमेवर आहे. अत्यंत वर्दळीचा मुंबई-पुणे रस्ता याच तालुक्यातून जात असल्यामुळे समितीच्या इतिहासात मावळचे नाव वरचेवर येते, मात्र प्रत्यारोपणाचे गाव म्हणून नव्हे. येथून जखमी माणसे पुण्याकडे नेली जातात आणि येथूनच अवयवांच्या पेट्या घाट उतरून मुंबईकडे जातात.

समिती हे सरकारी कार्यालय नाही. ती नोंदणीकृत, ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहे. मात्र राज्य सरकारने तिला नेमून दिलेले काम कायद्याच्या चौकटीतले आहे. सदस्य रुग्णालयांची वर्गणी आणि देणग्या यांवर तिने आपला संसार उभा केला. काम सरकारी जबाबदारीचे आणि पैसा बहुतांशी बाहेरचा, ही तिची सुरुवातीपासूनची स्थिती. तिचा इतिहास लिहायचा तर अवयवदानामागचा खर्च कोणी उचलला, कधीपासून उचलला आणि किती उचलला, याचा हिशेबही मांडावा लागतो.

मृत्यूनंतर देहाचा किंवा अवयवाचा उपयोग करण्याचे कायदे या प्रांतात बरेच जुने आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी मृतदेह मिळावेत म्हणून मुंबई शरीरशास्त्र अधिनियम १९४९ मध्ये झाला, तर नेत्रपटल रोपणासाठीचा कायदा १९५७ मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला. तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या केपटाऊनमधील पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवण्यात मात्र वेल्लोरच्या डॉक्टरांना १९७१ मध्ये यश मिळाले आणि ही शस्त्रक्रिया देशभर पसरली. तिच्या मागोमाग मूत्रपिंडांचा बाजारही आला. गरजू माणूस दलालामार्फत मूत्रपिंड विकत होता आणि त्याला रोखणारा कायदा नव्हता. या व्यापाराला आळा घालण्यासाठी संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो सर्वत्र एकाच वेळी लागू होऊ शकत नव्हता. ज्या तीन राज्यांत तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून सर्वप्रथम अमलात आला, त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता.

कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. मेंदूच्या मूळस्तंभाचे कार्य कायमचे थांबणे म्हणजे मृत्यू, याला मान्यता दिली. त्यामुळे हृदय धडधडत असताना अवयव काढणे कायदेशीर झाले. आणि अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. २०११ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याची शिक्षा ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड इतकी वाढवली. अवयवाची किंमत अशी कायद्याने पुसली गेली, पण खर्च होता तिथेच राहिला. मेंदूमृत व्यक्तीला कृत्रिम श्वासावर ठेवायचे, रक्तदाब आणि तापमान सांभाळायचे, रक्तगट, ऊतिजुळणी आणि संसर्गाच्या तपासण्या करायच्या, शल्यविशारदांचे पथक आणायचे, अवयव थंड द्रावणात ठेवून न्यायचा, तो बसवायचा आणि मग घेणाऱ्याला आयुष्यभर औषधे द्यायची. यांतील एकही पायरी फुकट नाही. हा पैसा कोणी द्यायचा, याबद्दल १९९४ चा कायदा फारसे बोलत नव्हता.

कायदा आल्यावरही मरणोत्तर दान वाढायला वेळ लागला. अवयव मिळाला तर तो कोणाला, हा वाद रुग्णालयारुग्णालयांत होऊ शकत होता आणि त्यावर सर्वांना मान्य असा मध्यस्थ नव्हता. ही गरज ओळखून २००० मध्ये मुंबईची समिती उभी राहिली, २००४ मध्ये पुण्याची, आणि नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथेही अशाच समित्या झाल्या. पुण्यात मोठी धर्मादाय रुग्णालये, ससून हे सरकारी रुग्णालय आणि लष्कराचे कमांड रुग्णालय, असा तिन्ही तऱ्हांचा पाया होता. प्रतीक्षायादी एकच, क्रम ठरवण्याचे निकष सर्वांना ठाऊक, आणि निर्णय रुग्णालयाबाहेरच्या संस्थेचा, ही शिस्त समितीने लावली.

या शिस्तीत रुग्णालयांना प्रोत्साहन देण्याची एक वेगळीच रीत होती. ज्या प्रत्यारोपण केंद्रात दान झाले, त्याला एक मूत्रपिंड स्वतःच्या यादीतील रुग्णासाठी ठेवता येई. दुसरे सामाईक यादीत जाई. मेंदूमृत्यू ओळखणे, नातेवाइकांशी बोलणे, दात्याची देखभाल करणे या कष्टांसाठी सरकारकडून अनुदान नव्हते. त्या जागी अवयवातला वाटा होता. व्यवस्था चालती राहिली ती यामुळे. पण तिचा एक परिणाम लहान गावांना भोगावा लागला. ज्या रुग्णालयात प्रत्यारोपण होतच नाही, त्याला या वाट्याचा उपयोग नव्हता. मेंदूमृत्यू जाहीर करण्याचा सगळा व्याप त्याने करायचा आणि खर्चही सोसायचा. तळेगाव किंवा लोणावळ्यासारख्या ठिकाणच्या अतिदक्षता विभागातून दान पुढे यायला जी वर्षे गेली, त्यामागे लोकांच्या अनिच्छेपेक्षा हे कारण अधिक होते असे मानायला जागा आहे.

नेत्रदानाची गोष्ट याहून निराळी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये केंद्राच्या पैशावर सुरू झाला आणि नेत्रपेढ्यांना उपकरणांसाठी तसेच जमा केलेल्या डोळ्यांच्या जोडीमागे अनुदान मिळू लागले. डोळे घरी झालेल्या मृत्यूनंतरही सहा तासांच्या आत काढता येतात. अतिदक्षता विभाग लागत नाही. रक्कम लहान होती, पण ती नियमित होती आणि थेट जमा करणाऱ्या संस्थेला मिळत होती. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा पाळला जातो आणि खेड्यापाड्यातल्या शाळांतही त्याच्या प्रभातफेऱ्या निघतात, त्यामागे या सरकारी आधाराचा हात आहे. अवयवदानाला असा आधार मिळायला आणखी साडेतीन दशके लागली.

घेणाऱ्या रुग्णासाठी सरकारी पैसा त्यापेक्षा लवकर आला. महाराष्ट्राने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. मूत्रपिंडाचे आजार तिच्यात होते. तिची जागा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड होता, पुणे नव्हता. खोपोलीच्या पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर जो लाभ मिळत होता, तो घाट चढून आलेल्या लोणावळ्याच्या शिधापत्रिकेला २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर झाल्यावर मिळाला. योजनेत वर्षाला कुटुंबामागे दीड लाख रुपयांची मर्यादा होती. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ती अडीच लाख ठेवली होती. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाची मर्यादा पाच लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची साडेचार लाख झाली, शिवाय शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून टाकण्यात आली.

अडीच लाखांत खासगी रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण बसत नव्हते. उरलेली रक्कम मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानांचे न्यास, टाटा न्यासासारख्या संस्था आणि नातेवाइकांनी उचललेले कर्ज यांतून उभी राहत असे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ ची योजनाही येथे मोलाची ठरली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. पुण्यातील बहुतेक मोठी प्रत्यारोपण केंद्रे न्यासांची असल्यामुळे हा निधी समितीच्या यादीतील गरीब रुग्णांना उपयोगी पडला. त्यांचा अर्ज भरून घेणारा, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आणायला सांगणारा वैद्यकीय समाजसेवक हा या इतिहासातला दुर्लक्षित माणूस आहे. वडगाव मावळच्या तहसीलमधून दाखला मिळायला आठवडा गेला की प्रत्यारोपणाची तयारीही आठवडाभर लांबत असे.

दात्याच्या बाजूचा पहिला मोठा सरकारी निर्णय सप्टेंबर २०१२ मधला. अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयांनी मेंदूमृत्यू ओळखून तो कळवावा, आणि प्रत्यारोपण करत नसतील तरी अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करावी, असे राज्य शासनाने ठरवले. कायद्यातील २०११ ची दुरुस्ती प्रत्यक्ष लागू झाली १० जानेवारी २०१४ रोजी, आणि तिचे नियम मार्चमध्ये आले. मेंदूमृत्यू जाहीर करणाऱ्या चार डॉक्टरांच्या मंडळात मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद नसेल, तर त्याऐवजी फिजिशियन, सर्जन किंवा भूलतज्ज्ञ चालतील, असे या दुरुस्तीने म्हटले. तालुक्याच्या गावी मेंदूशल्यविशारद चोवीस तास मिळणे कठीण; भूलतज्ज्ञ मिळतो. ग्रामीण भागासाठी संपूर्ण कायद्यातले सर्वांत उपयोगी वाक्य हेच म्हणावे लागेल.

नियमांनी पैशाबद्दलही पहिल्यांदा स्पष्ट सांगितले. दात्याची देखभाल, अवयव काढणे, जतन करणे आणि वाहून नेणे यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडता कामा नये. तो घेणारा रुग्ण, रुग्णालय, सरकार किंवा स्वयंसेवी संस्था यांपैकी कोणी उचलावा हे राज्याने ठरवावे. व्यवहारात तो बहुतेक वेळा घेणाऱ्या रुग्णाच्या देयकात गेला. म्हणजे दानाला सरकारने जेवढा हात आखडता घेतला, तेवढे प्रत्यारोपण महाग झाले, आणि समितीच्या यादीत नाव असूनही अवयव मिळण्याच्या रात्री पैशाअभावी मागे सरकणारे रुग्ण राहिले.

बाराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमासाठी १४९.५ कोटी रुपयांची तरतूद केली. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय संस्था, ‘नोट्टो’, उभी राहिली. देशाचे पाच प्रादेशिक विभाग झाले आणि पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत, केईएम रुग्णालयातच आले. महाराष्ट्र, गुजरात, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे प्रादेशिक आणि महाराष्ट्राचे राज्यस्तरीय काम तेथून चालते. पुण्याच्या समितीच्या वर अशी पहिल्यांदा सरकारी पैशावर चालणारी रचना आली. वाटपाचा क्रमही ठरला : आधी विभाग, मग राज्य, मग प्रदेश, मग देश. पुणे विभागात हृदयासाठी जुळणारा रुग्ण नसेल, तर ते मुंबईकडे जाते, आणि मावळचा रस्ता पुन्हा चित्रात येतो.

कार्यक्रमातील मदतीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. सरकारी अवयव काढण्याच्या आणि प्रत्यारोपणाच्या केंद्रांना उभारणीसाठी अनुदान, वैद्यकीय महाविद्यालये आणि अपघात उपचार केंद्रांना समन्वयक नेमण्यासाठी पैसे, मेंदूमृत दात्याच्या देखभालीसाठी एक लाख रुपयांपर्यंत, दात्याच्या अंत्यसंस्कारासाठी दहा हजार, आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी महिन्याला दहा हजारांपर्यंत. यांशिवाय राष्ट्रीय आरोग्य निधीतून गरीब रुग्णाला प्रत्यारोपणासाठी १५ लाखांपर्यंत मदत मिळू शकते. कागदावर ही साखळी पूर्ण दिसते. पण तिचा मोठा भाग सरकारी रुग्णालयांना जोडलेला आहे, आणि पुणे विभागातील बहुतेक दाने आणि प्रत्यारोपणे न्यासांच्या आणि खासगी रुग्णालयांत होतात. पैसा एका दाराशी आणि काम दुसऱ्या दाराशी, अशी ही अडचण आहे.

मावळातल्या अपघाताच्या वाटेने गेल्यास ती नीट कळते. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंतचा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २०१६ मध्ये त्यावर १५१ माणसे मृत्युमुखी पडली. शून्य मृत्यू मार्ग प्रकल्पाने पुढे हा आकडा बराच खाली आणला. त्याला समांतर असलेल्या जुन्या महामार्गावर देहूरोड, सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा असा दुचाकींचा राबता असतो. डोक्याला मार लागलेला तरुण दुचाकीस्वार आणि मेंदूत रक्तस्राव झालेला मध्यमवयीन माणूस, मरणोत्तर दात्यांत या दोन प्रकारचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. अशा तरुणाला २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उचलते; ती विनामूल्य आहे. द्रुतगती मार्गावर ओझर्डे येथे रस्ते विकास महामंडळाने अपघात उपचार केंद्र उभारले आहे. कान्हे येथे सरकारी रुग्णालय आहे. तळेगाव दाभाडे येथे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आणि त्याला जोडलेले, १९९५ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रकृती आणखी बिघडली तर पिंपरीचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय किंवा चिंचवड-पुण्यातील मोठी रुग्णालये. येथवर बहुतेक पावलांवर सरकारी पैसा आहे.

तो थांबतो ते अतिदक्षता विभागात. अपघातग्रस्ताच्या उपचारांसाठी फुले योजनेतील मर्यादा २०२३ मध्ये ३० हजारांवरून एक लाख करण्यात आली, आणि केंद्राच्या २०२५ च्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंत रोकडरहित उपचार आहेत. कृत्रिम श्वासावरच्या रुग्णाला हे पैसे पुरत नाहीत. मेंदूमृत्यू जाहीर होण्याआधीचा सगळा खर्च कुटुंबाचा. दानाचा निर्णय झाल्यावरचा कुटुंबाचा नाही. ही रेषा कायद्यात स्वच्छ असली तरी देयकाच्या कागदावर ती नातेवाइकांना दिसेल अशी आखावी लागते, आणि ते समन्वयकाचे काम असते. आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या एखाद्या वाडीहून आलेला बाप मुलाच्या बिछान्याशी उभा असतो. गावचे सरपंच, मामा, चुलते बाहेर थांबलेले असतात. सहा तासांच्या अंतराने दोन चाचण्या होतात. दुसऱ्या चाचणीने मेंदूमृत्यू निश्चित झाल्यावर डॉक्टरांनी सांगायचे असते की मुलगा गेला आहे, यंत्र चालू असले तरी. मग समन्वयकाने दानाबद्दल विचारायचे असते. पैशाचा उल्लेख चुकीच्या क्षणी झाला तर दानालाच सौद्याची सावली लागते. अजिबात झाला नाही तर घरच्यांना पुढच्या देयकाची धास्ती राहते. पुण्याच्या समितीच्या आरती गोखले यांच्यासारख्या मुख्य समन्वयकांनी आणि रुग्णालयांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हे संभाषण शिकवले आणि शिकून घेतले. समितीची खरी पुंजी तीच आहे.

अपघाती मृत्यूत आणखी एक टप्पा असतो तो पोलिसांचा. अपघात कामशेत किंवा वडगाव मावळ ठाण्याच्या हद्दीत, मृत्यू पुण्यात. शवविच्छेदन आणि अवयव काढणे यांचा मेळ घालावा लागतो, आणि त्यासाठी ठाण्याला आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला वेळेत कळवावे लागते. या धावपळीसाठी कोणत्याही योजनेत रक्कम नाही. समन्वयकाचा दूरध्वनी आणि ठाणे अंमलदाराची समज यांवर ती पार पडते.

अवयव घेऊन जाणारी गाडी आता लोणावळेकरांच्या ओळखीची झाली आहे. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातील जहांगीर रुग्णालयात दान झालेले हृदय विमानाने मुंबईला गेले आणि मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते बसवले. केईएममधील १९६८ च्या प्रयत्नानंतर मुंबईला हृदय प्रत्यारोपणातले यश येथे मिळाले. पुढे रस्त्यानेही अवयव जाऊ लागले. हृदय आणि फुफ्फुसांना साधारण चार ते सहा तास मिळतात, यकृताला आठ ते बारा, मूत्रपिंडाला त्याहून बरेच जास्त. पुण्याहून मुंबईपर्यंतच्या मोकळ्या मार्गासाठी पुणे शहर, २०१८ मध्ये स्थापन झालेले पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय, पुणे ग्रामीण, महामार्ग पोलीस, रायगड, नवी मुंबई आणि मुंबई एवढ्या यंत्रणा एकमेकींच्या हाती गाडी सोपवतात. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी लोणावळ्याची वाट अडते आणि खंडाळ्याच्या घाटात रांगा लागतात. तेव्हा बोरघाटातले पोलीस एक मार्गिका रिकामी करून ठेवतात. अवयवदान कार्यक्रमाला मिळणारे हे सर्वांत मोठे आणि कोठल्याही अंदाजपत्रकात न दिसणारे सरकारी साहाय्य आहे. त्याचे देयक कोणाला जात नाही.

लष्कराची व्यवस्था सुरुवातीपासून सरकारी पैशाची. लोणावळ्यात नौदलाचे आयएनएचएस कस्तुरी हे रुग्णालय आहे. पुण्यात दक्षिण मुख्यालयाचे कमांड रुग्णालय. जुलै २०२२ मध्ये कमांड रुग्णालयात एका मेंदूमृत तरुणीच्या कुटुंबाने संमती दिली; दोन्ही मूत्रपिंडे सेवेतील जवानांना मिळाली, डोळे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रपेढीत गेले आणि यकृत शहरातील नागरी रुग्णालयातल्या रुग्णाला. दात्याच्या देखभालीपासून घेणाऱ्याच्या औषधांपर्यंत एकाच यंत्रणेने खर्च उचलला की काम किती सुरळीत होते, हे त्यातून दिसते.

इतरत्र हा धडा आधी घेतला गेला. तमिळनाडूने २००८ पासून मरणोत्तर दानाचा कार्यक्रम सरकारी आदेशांनी चालवला, स्वतःचे प्राधिकरण उभे केले, मुख्यमंत्री विमा योजनेत महागडी प्रत्यारोपणे घेतली, आणि सप्टेंबर २०२३ पासून दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार सुरू केले. स्पेनने १९८९ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापून रुग्णालयांतल्या डॉक्टरांनाच पगारी समन्वयक केले. तेथे दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला पन्नासच्या आसपास मरणोत्तर दाते मिळतात. भारतात हे प्रमाण अजून एकाच्या खाली आहे. महाराष्ट्राने २०१६ आणि २०१७ मध्ये महाअवयवदान अभियान राबवले. फेऱ्या निघाल्या, संकल्पपत्रे भरली गेली. मात्र जनजागृतीवर झालेल्या खर्चाच्या तुलनेत अतिदक्षता विभागातल्या माणसांवर झालेला खर्च कमी पडला, असे या काळाकडे पाहताना म्हणावे लागते.

करोनाच्या साथीने सगळ्यालाच खीळ घातली. देशातील प्रत्यारोपणे २०१९ मध्ये १२,६६६ होती, ती २०२० मध्ये ७,४४३ वर आली. नंतर ती झपाट्याने वाढली. २०१३ मध्ये ४,९९० असलेला आकडा २०२३ मध्ये १८,३७८ झाला. त्या वर्षी मरणोत्तर दाते मात्र १,०९९ च होते. बाकी सारी दाने घरातल्या जिवंत माणसांची, आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा. २०२३ मध्येच केंद्राने राज्यांना अधिवासाची अट आणि वयाची मर्यादा काढायला सांगितली, आणि नोंदणीसाठी रुग्णांकडून शुल्क घेऊ नये असे कळवले. काही राज्यांत ते पाच ते दहा हजार रुपये होते. रुग्णासाठी हा दिलासाच होता. समन्वय करणाऱ्या संस्थांच्या उत्पन्नाची जागा कशाने भरायची, हा प्रश्न मात्र त्या पत्राने सोडवला नाही. त्याच वर्षापासून अवयवदान दिन २७ नोव्हेंबरऐवजी ३ ऑगस्टला पाळला जातो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी १९९४ मध्ये त्या तारखेला देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये नोट्टोने राज्यांना प्रत्यारोपण आणि अवयव काढण्याच्या केंद्रांत समन्वयकांची कायम पदे निर्माण करण्याची सूचना केली. कार्यक्रमातील समन्वयक आजवर बहुतेक करारावर राहिले आहेत. करार संपला की माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्याने रुग्णालयात, पोलीस ठाण्यांत, गावांत जोडलेली ओळखही जाते. तळेगाव, कान्हे, ओझर्डे अशा ठिकाणी, जिथे वर्षाला मेंदूमृत्यूचे मोजकेच प्रसंग येतात, तिथे प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्र समन्वयक देणे खर्चाचे होईल. पण तालुक्याला एक कायम माणूस, जो रात्री दोन वाजताही मावळातल्या कोणत्याही अतिदक्षता विभागात पोहोचेल, हे अशक्य नाही.

त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने पाच लाखांच्या मर्यादेत न बसणाऱ्या हृदय, फुफ्फुस आणि यकृत प्रत्यारोपणासारख्या उपचारांसाठी स्वतंत्र राखीव निधीचा निर्णय घेतला. पुणे विभागाच्या यादीतील अनेकांसाठी शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार त्यामुळे हलका होऊ शकेल. शस्त्रक्रियेनंतर दर महिन्याला लागणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र जन्मभराची आहेत. ती चुकली तर मिळालेला अवयव निकामी होतो आणि रुग्ण पुन्हा डायलिसिसवर येतो. केंद्राच्या कार्यक्रमातील औषधांची मदत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांपुरती आहे. त्या रेषेच्या थोडे वर असलेला कामशेतचा भाजीविक्रेता किंवा तळेगावच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार ती औषधे आजही स्वतःच्या कमाईतून घेतो.

२००४ मध्ये एका यादीपासून सुरू झालेले समितीचे काम आता राज्य, प्रदेश आणि देशाच्या नोंदवहीशी जोडले गेले आहे. संकल्पपत्र आधार क्रमांकाच्या आधारे राष्ट्रीय संकेतस्थळावर भरता येते, आणि सरकारी योजनांच्या यादीत प्रत्यारोपणाचे नाव आले आहे. मेंदूमृत्यू ओळखणे, तो जाहीर करणे आणि नातेवाइकांशी बोलणे या मधल्या तासांच्या खर्चाची जबाबदारी अजून पूर्णपणे कोणाकडेच गेलेली नाही. ती रुग्णालये, समितीचे देणगीदार आणि समन्वयक आपापसांत वाटून घेत आले आहेत.